२०१३ची स्विफ्ट डिझेल: स्प्रिंगा, चाकं, ब्रेक. आधी कशाला हात घालू?

ताम्हिणीवाला:
मंडळी, गाडी २०१३ची स्विफ्ट व्हीडीआय, १ लाख १८ हजार किमी झालेली. बाबांनी वापरली, आता माझ्याकडे आलीये. मी कोथरूडला, सासुरवाडी श्रीवर्धनला, म्हणजे महिन्यातून एकदा तरी ताम्हिणी ठरलेली. तक्रारी तीन. वळणावर गाडी फार कलते आणि स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळच जायला बघतं. स्पीडब्रेकरवर पुढून ‘ठक्’ आवाज येतो. आणि मागच्या महिन्यात घाट उतरताना विळ्याच्या अलीकडे ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं. गाडी थांबली, पण बायको पुढचा अर्धा तास बोलली नाही.
हाताशी ६० हजार आहेत. डोक्यात १७ इंची अलॉय, गाडी ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि भोकंवाल्या डिस्क. सल्ला द्या, टोमणेही चालतील.

संभाजीनगरी:
टोमणा आधी घ्या. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, तो तुम्ही १३५ वर आणणार, चार माणसं बसवणार, डिकीत सासूबाईंनी दिलेले नारळ. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला दोघांना खाली उतरवा.

शॉकअप_काका:
मी सस्पेन्शनचीच कामं करतो, त्यामुळे जरा लांबड लावतो.
ही पुढून ओढणारी गाडी. इंजिन, गिअरबॉक्स सगळं नाकावर, त्यात डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड. पुढची दोन टायरं गाडी खेचतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात. त्यांची पकड आधी संपते आणि नाक बाहेर जातं. अशा गाडीला पुढून कडक स्प्रिंग टाकली तर नाक अजून बाहेर जाईल, कमी नाही होणार. शिवाय जास्त खाली बसवली की पुढचे लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) वरच्या बाजूला कलतात, भूमिती बिघडते, आणि मग बसकी दिसणारी गाडी वळणात अपेक्षेइतकी सरळ राहत नाही. जुन्या शॉकअपवर नवीन आखूड स्प्रिंग हा तर पैसे देऊन दुखणं घेण्याचा प्रकार. शॉकअपचा प्रवास कमी होतो, तो लगेच बम्प स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या धक्क्यासाठी असलेल्या मऊ ठोकळ्यावर, आदळतो.
तुमचा ‘ठक्’ आवाज मला स्ट्रट माउंट (पुढचा शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो ती रबरी बैठक) किंवा लोअर आर्मच्या बुशचा (सांध्यातल्या रबराचा) वाटतो. गाडी लिफ्टवर घ्या, पान्याने आर्म हलवून बघायला सांगा. आधी हे, मग खरेदी.

घाटमाथा:
ब्रेकबद्दल मी बोलतो, मी यात पोळलोय. पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापलेले असतात. पेडल मऊ पडतं, तेव्हा बहुतेक ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. तुमचं दुसरं प्रकरण. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. नवं डॉट ३ साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपास. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. भोकंवाल्या डिस्क इथे काय करणार? डॉट ४ भरा, दर दोन वर्षांनी बदला. डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं, ते यात घालायचं नाही. चांगले पॅड टाका, मागच्या ड्रमचे लायनर उघडून साफ करून घ्या. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा राव, पाय ब्रेकवर ठेवून नाही.

ताम्हिणीवाला:
चौथ्यात उतरत होतो. बरं, चाकांचं?

शॉकअप_काका:
तुमच्या व्हीडीआयला १६५/८० आर१४ (रुंदी मिमीत, भिंत रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात), वरच्या झेडडीआय मॉडेलला कंपनीनेच १८५/६५ आर१५ दिलं. बाहेरचा व्यास अनुक्रमे ६२० आणि ६२१ मिमी, म्हणजे स्पीडोमीटर जागेवर. १७ इंचावर २०५/४५ बसतं, व्यास जमतोही, पण टायरची भिंत १३२ मिमीवरून ९२ वर येते. मुळशीपुढच्या खड्ड्यांत रिम वाकलं की मला फोन कराल. १५ घ्या. बोल्टचं वर्तुळ ४×१०० (चार बोल्ट, १०० मिमी व्यासावर), मधलं भोक ५४.१ मिमी. अलॉयचं भोक याहून मोठं असेल तर फट भरणारी सेंटरिंग रिंग मागा, नाहीतर ८० ला स्टिअरिंग थरथरेल.

नेकारचा_काठ:
इथे स्टुटगार्टमध्ये साध्या स्प्रिंगा बदलल्या तरी तपासणी करून गाडीच्या कागदांत नोंद करावी लागते. तिकडे कोण विचारतं?

संभाजीनगरी:
विचारतात हो. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करता येत नाहीत असं सांगितलं. क्लेमच्या वेळी विमावाला पण खाली वाकून बघतो. वरच्या मॉडेलचं माप घेतलं की हा वाद बराच टळतो.

ताम्हिणीवाला:
शनिवारी लिफ्टवर घेतली. डावा शॉकअप तेलाने ओला. त्याचा बम्प स्टॉप मेकॅनिकने हातात दिला, बोटात धरताच शिळ्या खारीसारखा चुरा झाला. लोअर आर्मचे बुश फाटलेले. ब्रेक ऑइल गुळाच्या चहाच्या रंगाचं. टायरवर २३१७ छापलंय, म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. बाबा म्हणाले, “नक्षी आहे की अजून!” आहे, पण रबर नखाने दाबलं तर नखच दुखतं.
मग ठरलं असं: चारही शॉकअप मूळ कंपनीच्या मापाचे, माउंट, बुश, पॅड, डॉट ४, आणि १५ इंची अलॉयवर १८५/६५. सगळं झाल्यावर अलाइनमेंट. स्प्रिंगा आहेत त्याच. बजेट थोडं फुटतंय, बायकोला अजून सांगितलेलं नाही.
शेवटची शंका: स्टेपनी १४ इंचीच राहील. चालेल?

घाटमाथा:
व्यास जवळपास सारखा, पंक्चरवाल्यापर्यंत चालेल. पण पुढचं पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. ओढणाऱ्या चाकांवर वेगवेगळी टायरं नकोत.

शॉकअप_काका:
जुने नट टाकून देऊ नका. अलॉयचे नट स्टीलच्या चाकाला नीट बसतीलच असं नाही.

ताम्हिणीवाला:
ते बाबांनी शनिवारीच श्रीखंडाच्या डब्यात भरून डिकीत ठेवलेत.