खात्यात अकरा लाख, पांदणीत गुडघाभर चिखल : झोपलंय नेमकं कोण?

लाल_पेन
काल इथं एकानं ई-ग्रामस्वराजवरचा, म्हणजे ग्रामपंचायतींचा हिशेब दाखवणाऱ्या सरकारी पोर्टलवरचा, स्क्रीनशॉट टाकला. ग्रामपंचायतीच्या खात्यात 11 लाख शिल्लक, आणि खाली ओळ : "पैसा पडून, पांदणीत गुडघाभर चिखल, सरपंच-ग्रामसेवक झोपेत." वाचून रात्री जेवण गोड लागलं नाही. बत्तीस वर्षं पंचायत समितीच्या लेखा शाखेत काढली आहेत, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

पंधराव्या वित्त आयोगाचा (2021 ते 26) पैसा म्हणजे गावचा गल्ला नव्हे. शंभरातले 60 बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच. त्यातले निम्मे पिण्याच्या पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. पांदण, म्हणजे शेतरस्ता, दोन्हींत बसत नाही. राहिले 40 अबंधित. त्यातून पगार करता येत नाही, पण दिवाबत्तीचं थकलेलं बिल, शाळेची गळकी टिनं, अंगणवाडीची फरशी, सगळ्यांचे डोळे त्याच चाळिसावर. म्हणून अबंधित आधी संपतं आणि बंधित साचत जातं. तुम्हाला दिसले ते बहुतेक हे साचलेले पैसे. जलजीवनची टाकी उभी आहे, संडास बांधून झाले, मग पाण्याच्या नावावर आणखी काय दाखवणार? बंधितमधून पांदणीवर मुरूम टाकला की लोकल फंडवाले (सरकारी लेखापरीक्षक) आक्षेप काढतात, आणि वसुली ग्रामसेवकावर निघते. (2024 पासून त्यांना 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं. नाव मोठं झालं, सांभाळायची गावं तेवढीच.)

चौदाव्या आयोगात, 2015 ते 20, सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीला होता, साठ-चाळीसची भानगड नव्हती. तेव्हा किती पांदणी झाल्या? गल्लोगल्ली गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसले.

तूरकाठी
तो स्क्रीनशॉट म्याच टाकला होता. काका, तुमचाच हिशेब तुमालेच वापस देतो. अकरा लाख जर निव्वळ साठ टक्क्यातले उरले असतीन, त त्याच्या जोडीले चाळीस टक्क्याचे सात लाख तेहतीस हजार आले असतीन. ते कोठी गेले? अंगणवाडीची फरशी उखडेल हाये अन् दिव्याचे खांब निरे अंधारात उभे हायेत. मागच्या साली कापूस आणताना माही बंडी पांदणीत फसली, बैलाचा पाय मोडला. तो बैल बंधित होता का अबंधित, तेवढं सांगा.

मोहफूल
गडचिरोलीकडून लिहितोय. तुम्ही सगळे अनुदानाच्या तोंडाकडे बघत बसता, हाच मूळ रोग. लेखा-मेंढाला सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला, आणि गाव स्वतःच्या पैशाचं मालक झालं. ग्रामसभा जागी असेल तर आयोग पंधरावा की सोळावा, फरक पडत नाही.

संत्रापट्टा
मोहफूल भाऊ, प्रत्येक धाग्यात तुमचं मेंढा येतंच. आमच्या वाशिमात ग्रामसभेनं विकायचं काय? पऱ्हाट्या?

मोहफूल
विका. निदान बीडीओच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

लाल_पेन
तूरकाठी, बैलाचं वाईट वाटलं, खरंच. पण पांदणीसाठी रोहयो आहे, शासनाची शेत-पाणंद योजना आहे, ते प्रस्ताव कुणी लावले का? आणि सात लाख कुठं गेले ते नमुना 5 च्या रोकड वहीत असेल. एकट्यानं खाल्ले असा तुमचा सूर आहे, तसं करता येत नाही. चेकबुकाचा जमाना गेला. गावच्या विकास आराखड्यात काम हवं, ते ऑनलाईन चढलेलं हवं, इंजिनिअरची एमबी (मोजमाप पुस्तिका) हवी, मग सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या, ज्याच्या त्याच्या डोंगलवरून (सहीचा पेनड्राईव्हच म्हणा), तेव्हा कुठं पीएफएमएस या सरकारी पेमेंट यंत्रणेतून पैसा थेट ठेकेदाराच्या खात्यात. दोन माणसं, दोन डोंगल.

कीबोर्ड_बडवा
दोन माणसं, दोन डोंगल, एक ड्रॉवर. माझा.
मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दोन्ही डोंगल माझ्या टेबलात असतात, पासवर्ड डोंगलवरच चिकटपट्टीनं लावलेले. ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा येतात, सरपंच सहीपुरते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दोनला सर्व्हर चालतो म्हणून रात्री दोनला मीच 'दोघं' होतो. व्हेंडरच्या नावातलं एक अक्षर पासबुकाशी जुळलं नाही की पेमेंट रिजेक्ट, आणि ठेकेदार शिव्या मला घालतो.

लाल_पेन
हे तुम्ही जाहीर लिहिताय? हा गुन्हा आहे, बाबा.

कीबोर्ड_बडवा
गुन्हा आहे हे तुम्हाला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं, की माहीत असून तुमच्या शाखेतून "आज संध्याकाळपर्यंत खर्च दाखवा" असे फोन यायचे?

पदर_खोचून
सरसकट बोलू नका. मी सरपंच आहे आणि माझं डोंगल माझ्या पर्समध्ये असतं. निवडून आले ती डिसेंबरात. जुन्या सरपंचाची सही रद्द करायची, माझी नोंदवायची, तालुक्यातून मंजुरी यायची, यात अडीच महिने गेले. मार्च आला. गावानं काय म्हटलं? बाई झोपली आहे. आत्ता लाल_पेन साहेब सांगतात तो साचलेला पैसा त्यातलाच.

तूरकाठी
ताई, डोंगल पर्समदी हाये हे मान्य. पर्स कोनाच्या हातात असते? आमच्याइकडे त सरपंचबाईचा फोन बी 'साहेब'च उचलतेत.

पदर_खोचून
तुमच्या गावची बाई फोन उचलत नाही म्हणून माझ्या नवऱ्यावर येऊ नका. ते शेतात असतात, आणि त्यांना तो पासवर्ड माहीत नाही. 2024 पर्यंत लहान गावच्या सरपंचाला महिन्याला 3,000 मानधन होतं. तेवढ्यात तालुक्याच्या चकरा मी एसटीनं मारल्या. इंजिनिअर एमबी लिहायला चार वेळा बोलावूनही आला नाही, तेव्हा त्याच्या घरासमोर जाऊन बसले. तुम्ही पांदणीसाठी कुणाच्या घरासमोर बसलात? इथं स्क्रीनशॉट टाकलात.

संत्रापट्टा
लागलं.

तूरकाठी
लागलं त लागलं. पन माह्या सात लाखाचं उत्तर अजून कोनीच देल्लं नाई.

कीबोर्ड_बडवा
थोडं मी देतो. आमच्या मानधनाच्या नावानं महिन्याला बारा हजारांवर ग्रामपंचायतीच्या निधीतून कापून वर जायचे. आमच्या हाती सहा-सात हजार, तेही तीन-चार महिन्यांनी. मधले कुठं मुरायचे ते विचारायला आम्ही मुंबईला मोर्चे नेले. वर्षाचे दीड लाख झाले की नाही? पांदणीचा एक तुकडा तिथंच गेला तुमचा.

लाल_पेन
विषय परिचालकांच्या मानधनाचा नव्हता.

कीबोर्ड_बडवा
नसतोच कधी.

मोहफूल
आणि आयोगाच्या पैशातले पंचायत समिती, जिल्हा परिषदेचे दहा-दहा टक्के? यवतमाळ, अमरावती, आमचं गडचिरोली, सगळीकडे मार्च 2022 ला मुदत संपली आणि प्रशासक बसले. निवडून आलेली बॉडी नाही तर आयोगाचा पैसा नाही. तो कुणाच्या झोपेमुळं अडला?

लाल_पेन
हे मात्र खरं. ते दहा टक्के असते तर दोन-तीन गावांना जोडणारी कामं पंचायत समितीतून निघाली असती.

बरं, तूरकाठी. सगळा दोष नियमांचा नाही, एवढं मान्य करतो. आमच्याच शाखेत मी असे आराखडे पाहिलेत की दोन गावांचे एकसारखे, नुसतं गावाचं नाव बदललेलं. एका ठिकाणी तेही बदलायचं राहिलं होतं. तसेच पुढं गेले. सही माझीही होती.

तूरकाठी
वा काका. हे पह्यल्याच पोस्टीत लिहिलं असतं त माही रात बी बरी गेली असती.

लाल_पेन
उपरोध कळतो मला. वही मागायची असेल तर तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नमुना 5, प्रमाणकं (व्हाउचर) आणि त्या वर्षाचा आराखडा, तिन्ही मागा. नुसती वही दिली तर काही कळणार नाही.

तूरकाठी
15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांगतो. दरसालसारखी कोरम नाई म्हनून तहकूब झाली का मंग इथीसाच येतो शिव्या द्यायले.

पदर_खोचून
तहकूब सभेला कोरम लागत नाही. तहकूब झाली म्हणून घरी जाऊ नका, पुढची तारीख तिथंच वदवून घ्या आणि त्या दिवशी दहा जण घेऊन बसा.

तूरकाठी
हे ग्रामसेवकानं आजलोक नाई सांगितलं.

पदर_खोचून
मलाही नव्हतं सांगितलं.