सोलर घड्याळाचा सेकंद काटा दोन-दोन सेकंद उड्या मारतोय, सेल गेला का?

हळदवाला_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचं बघतो. दिवाळीला दाजींनी एक सोलर घड्याळ दिलं, जपानी कंपनीचं, काट्यांचं, निळी डायल, स्टीलचा पट्टा, दिसायला एक नंबर. आतापर्यंत काही तक्रार नव्हती पण पावसाळा लागला आणि सेकंद काटा विचित्र चालायला लागला, म्हणजे एकदम दोन सेकंद पुढं जातो, थांबतो, परत दोन सेकंद. टाइम मात्र बरोबर दाखवतंय, मोबाइलशी लावून बघितला.

एका दुकानात दाखवलं तर ते म्हणाले सेल संपत आलाय, साधा सेल टाकून देतो दहा मिनिटांत. मी म्हटलं अहो सोलर आहे ना हे, तर म्हणे सोलर बिलर नावाला असतं, आत सेलच असतो. मग काही न टाकता तसाच परत आलो.

आता मला सांगा हे रोज उन्हात ठेवायचं असतं का, आणि जुलै-ऑगस्टात ऊन आणायचं कुठनं, दुकानात दिवसभर ट्यूबलाइट आणि माझा फुल बाह्यांचा शर्ट. आमची ही म्हणते जरा उघडीप दिली की पत्र्यावर ठेवा तासभर. ठेवू का?

कोरेगावचा_गडी

पत्र्यावर नको, माकड घालून फिरंल आणि टाइम पण नीट बघंल तुमच्यापेक्षा 😄

घड्याळवेडा_सातारा

हळदवाले, बरं झालं सेल टाकू दिला नाहीत. तुमचं घड्याळ बिघडलेलं नाही. दोन सेकंदांची उडी म्हणजे चार्जिंग कमी झालंय ही खूण आहे, सिटिझनच्या इको-ड्राइव्हला पण असते आणि सिकोच्या सोलरला पण. एकेक सेकंद टकटक करायच्या ऐवजी दोन सेकंदांचं एकदम उरकतं, म्हणून टाइम चुकत नाही. तसंच दुर्लक्ष केलं तर मात्र काही दिवसांनी बंद पडेल.

आत सेल असतो हे त्या दुकानदाराचं खरं आहे, पण तो चार्ज होणारा सेल असतो. डायलच्या खाली सोलरची चकती असते आणि डायल अशी बनवलेली असते की तिच्यातून उजेड आत झिरपतो, म्हणून वरनं काही दिसत नाही. आता मापाला साधा सेल कधीकधी चपखल बसतो आणि घड्याळ चालतं पण, तिथंच घोळ होतो. कारण ती चकती आपलं काम सोडत नाही, उजेड पडला की सेलमध्ये करंट ढकलत राहते, आणि साधा सेल चार्ज व्हायला बनवलेलाच नाही. तो गळतो, फुगतो, फुटू पण शकतो, आणि एकदा गळला की मशीन गेलं. कंपनीच्या माहितीपत्रकात हे ठळक अक्षरात दिलेलं असतं पण ते वाचतो कोण, बॉक्सबरोबर माळ्यावर जातं.

आता पावसाचं. ह्याला ऊनच लागतं असं नाही, उजेड लागतो, आणि उजेडाचा आपला अंदाज लई चुकतो कारण डोळे जुळवून घेतात. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशी बाहेर १० हजार. आणि ट्यूबलाइटच्या दुकानात गल्ल्यावर ५०० मिळाले तरी पुष्कळ झाले. म्हणजे पावसाळी आभाळाखाली सुद्धा तुमच्या दुकानाच्या वीसपट उजेड आहे! एक दिवस चालण्यापुरतं चार्जिंग उन्हात दोन-तीन मिनिटांत होतं, ढगाळ हवेत दहा-पंधरा मिनिटांत, आणि ऑफिसच्या उजेडात तीन-चार तास लागतात, मॉडेलप्रमाणे थोडं पुढंमागं. ते तीन-चार तास पण घड्याळ बाहीच्या बाहेर असलं तर. तुमच्या घड्याळाला उपाशी ठेवलंय ते शर्टाच्या बाहीनं, पावसाला उगाच बोल लावू नका. मी यवतेश्वरच्या पायथ्याला राहतो, इथं जुलैत आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही, वर कासकडं तर समोरची गाडी दिसायची मारामार, तरी माझं इको-ड्राइव्ह पावसाळ्यात कधी अडलं नाही. अर्ध्या बाह्या घालतो, बस.

तर सरळ खिडकीत ठेवा, डायल आभाळाकडं करून. काटा एकेक सेकंदानं चालायला लागला की लगेच उचलू नका, तो फक्त धोक्याच्या वर आलाय, भरलेला नाही. अजून काही दिवस घरी आल्यावर, सुट्टीच्या दिवशी, जमेल तेव्हा ठेवत राहा. फुल भरलं की बरीच मॉडेल अंधारात सुद्धा सहा महिने चालतात, सिकोची काही दहा महिने. जादा चार्ज होऊन खराब होईल अशी भीती नको, ते अडवायची सोय आत असते.

पत्रा मात्र नको. उजेडाचा फायदा आणि उष्णतेचा तोटा, दोन्ही एकदम मिळतात. ६० डिग्रीच्या आसपास चार्जिंग करायचं नाही असं कंपनीच सांगते, आणि सांगलीचा मे महिन्यातला पत्रा किंवा बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर आरामात जातो. जुन्या पिवळ्या बल्बच्या अगदी जवळ पण ठेवू नका, तेच कारण.

द्राक्षबाग_तासगाव

वरचं सगळं बरोबर. माझं कॅसिओचं जी-शॉक आहे टफ सोलरवालं, दिवसभर बागेत असतो त्यामुळं चार्जिंग फुलवरनं खाली येतच नाही, सेल काय असतो विसरून गेलोय. पण बागायतदारांसाठी एक सांगतो, फवारणी झाली की काच पुसा. बोर्डोचा थर बसला की उजेड अडतोच आणि पट्ट्याच्या खाली औषध राहिलं तर मनगटाला खाज सुटते ती वेगळी. साध्या पाण्यानं धुवायचं, फडक्यानं पुसायचं.

दुसरं, डिजिटल सोलर कपाटात ठेवलं आणि काढल्यावर स्क्रीन कोरी दिसली तर घाबरू नका. पॉवर सेव्हिंग असतं, रात्री अंधारात तासाभरानं स्क्रीन आपोआप बंद होते, बटण दाबा नाहीतर उजेडात आणा, लगेच येते. आमचा मेव्हणा ते घेऊन थेट दुकानात गेला होता, बॅगेतनं बाहेर काढलं तर चालू. दुकानदार हसला आणि चहा पाजला.

आणि कोणी नवीन घेणार असेल तर "मल्टीबँड सिक्स" असं लिहिलेल्या मॉडेलला जादा पैसे देऊ नका. रेडिओ सिग्नलवरनं आपोआप टाइम लावतं म्हणतात, खरं आहे, पण ती स्टेशनं जपान, चीन, अमेरिका, जर्मनी आणि इंग्लंडात. भारतासाठी एकही नाही. तासगावात बसून जर्मनीचा सिग्नल कुठनं पकडणार? त्यापेक्षा ब्लूटूथवालं घ्या, मोबाइलवरनं टाइम घेतं. नाहीतर साधं सोलर घ्या, महिन्याला १५ सेकंद इकडंतिकडं होतं, कारखान्याचा भोंगा काय त्याहून अचूक नसतो.

निवृत्त_मास्तर_कराड

तुम्हा पोरांची चर्चा वाचून करमणूक झाली. आमच्याकडे एचएमटीचं जनता आहे. सकाळी आंघोळ झाली की चावी द्यायची, दिवसभर चालतं. लक्स नको, खिडकी नको, दाजी नको. बाही कोपरापर्यंत खाली ओढली तरी त्याला फरक पडत नाही. भारतीय वस्तू आहे, टिकते.

घड्याळवेडा_सातारा

मास्तर नमस्कार 🙏 जनताला तोड नाहीच, माझ्याकडं पण आहे एक. पण एचएमटीनं १९६१ ला बंगळुरात घड्याळं सुरू केली ती जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बरं का. आणि त्याच सिटिझननं १९७६ ला काट्यांचं सोलर घड्याळ काढलं. म्हणजे हळदवाल्यांचं घड्याळ सिटिझनचं निघालं तर तुमच्या घड्याळाचं पाव्हणंच लागतं.

निवृत्त_मास्तर_कराड

ते माहीत आहे मला. पण पाव्हणा आहे म्हणून त्याला रोज खिडकीत बसवायचं का? चालू द्या.

हळदवाला_सांगली

सगळ्यांचे आभार. खिडकीत ठेवलं होतं, अधूनमधून पाऊस चालूच होता तरी काटा सुधारला, आता एकेक सेकंदानं चालतोय. हिला सांगितलं पत्रा कॅन्सल. दुकानात गेल्यावर आता बाही दुमडतो, शेठ म्हणाले काय मारामारीला निघालाय का.

अजून दोन-तीन शंका आहेत, एकदम विचारून घेतो. पट्ट्याच्या फटीत हळदीची पूड जाऊन बसलीय, सगळा पिवळा झालाय, कशानं काढायची? मागं ५ बार लिहिलंय, म्हणजे पावसात भिजलं तर चालेल ना, मोटरसायकलवर असतो. आणि गणपतीत डॉल्बीजवळ नेऊ नको, त्यातल्या लोहचुंबकानं घड्याळ कायमचं जातं असं एकजण म्हणाला, खरं काय?

मिरजकर_ताई

हळदीचं मी सांगते, घड्याळाचं मला काही कळत नाही 😀 पट्टा सुटा होत असेल तर काढून घ्या. आधी कोरड्या जुन्या टूथब्रशनं पूड झटका, लगेच पाणी लावू नका नाहीतर लगदा होऊन आणखी आत जाईल. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड सोप. साबण लागला की डाग लाल होईल, घाबरायचं नाही, हळद तशीच वागते. स्टीलवर डाग राहणार नाही. पांढरा कापडी पट्टा असता तर धुऊन उजेडात टाका म्हटलं असतं, हळदीचा डाग उन्हानं फिकटतो हे घरोघरी माहीत आहे, पण पट्टाच हं, घड्याळ नाही, वरती दादांनी पत्र्याला बंदी केली आहे.

घड्याळवेडा_सातारा

ताईंनी हळदीचं काम केलं. बाकीचं मी.

५ बार म्हणजे हात धुणं, पाऊस, शिंतोडे ठीक. विहिरीत, नदीत पोहायचं असेल तर १० बार तरी पाहिजे. पण तो आकडा नव्या घड्याळाचा असतो हे लक्षात घ्या, आत रबराची रिंग असते ती वर्षांनुवर्षं तशीच राहत नाही, दोन-तीन वर्षांनी एकदा बघून घ्यावी. चावी नीट आत दाबलेली आहे ना ते बघायचं, आणि ओल्या हातानं चावी ओढायची नाही. गरम पाण्याच्या आंघोळीला काढून ठेवा, वाफेचं आणि साबणाचं त्या रबराशी जमत नाही. काचेच्या आत धुकं येऊन दोन मिनिटांत गेलं तर सोडून द्या, तिथंच बसून राहिलं तर पाणी शिरलंय, लगेच उघडून घ्या, तांदळाच्या डब्यात ठेवायच्या नादाला लागू नका.

डॉल्बीचं अर्धं खरं आहे. काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळात छोटी मोटर असते, लोहचुंबक अगदी जवळ आला तर ती अडते आणि घड्याळ मागं पडतं. पण लांब नेलं की परत चालतं, टाइम लावायचा की झालं. मिरवणुकीत नाचा बिनधास्त, स्पीकरला हात टेकवून उभं राहू नका म्हणजे झालं, तसंही कानांसाठी ते बरं. खरं म्हणजे मोबाइलच्या मॅग्नेटवाल्या कव्हरनं जास्त त्रास होतो, रात्री लोकं दोन्ही एकावर एक ठेवतात.

कुपवाड_एमआयडीसी

धागा वर आलाय तर माझं पण विचारतो. वडिलांचं जुनं सोलर घड्याळ आहे, बरीच वर्षं कपाटात बंद होतं. उन्हात खिडकीत सगळीकडं ठेवून बघितलं, दिवसभर चालतं आणि रात्री परत मरतं. हे कशानं?

घड्याळवेडा_सातारा

ह्यांचा सेल खरंच गेलेला दिसतोय. नीट वापरलं तर हे सेल खूप टिकतात, सिटिझन तर २० वर्षांनी ८० टक्के क्षमता राहते असं सांगते. पण वर्षानुवर्षं अंधारात पूर्ण रिकामं पडून राहिलं तर सेलची साठवायची ताकद जाते. दिवसा उजेडावर चालतं, रात्री शिल्लकच नाही, तुम्ही लिहिलंय तसंच होतं. कपाटात ठेवणाऱ्यांनो, महिन्यातनं एखादा दिवस तरी खिडकी दाखवत जा.

नवा सेल बसतो, पण त्याच जातीचा, चार्ज होणारा. कॅसिओत बऱ्याच मॉडेलला सीटीएल १६१६ लागतो, त्याच मापाचा साधा सीआर १६१६ दुकानात ढिगानं मिळतो, तो टाकू देऊ नका. सिटिझनमध्ये मशीनच्या नंबरप्रमाणे सेल येतो, मागच्या झाकणावर नंबर असतो त्यात पहिले चार आकडे-अक्षरं मशीनची, ती सांगून मागवायचा. साध्या सेलपेक्षा बराच महाग पडतो, ती तयारी ठेवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिलेलं उत्तम, म्हणजे झाकण उघडलंय तेवढ्यात रबराची रिंग पण नवीन बसवतील आणि पाण्याची टेस्ट पण होईल.

आणि परत चालू झाल्यावर काटा वेडावाकडा चालला तर लगेच त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, काही मॉडेल पूर्ण बंद पडून उठली की टाइम लावेपर्यंत मुद्दाम तसं चालतात. चावी ओढून टाइम लावा, तारीख लावा, मग बघा.

कुपवाड_एमआयडीसी

झाकणावर बघतो आज. सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे का पुण्याला पाठवायला लागेल?

घड्याळवेडा_सातारा

कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकून बघा, दुकानदाराच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. कुरियरनं पाठवायची वेळ आली तर पट्टा काढून नुसतं घड्याळ पाठवा, आणि कोणता सेल टाकला त्याचा नंबर बिलावर लिहून मागा.