'क्ले मॉडेल'मधली माती आणि गाडीचा बांधा

गोदाकाठ: आमच्या तंत्रनिकेतनातल्या प्रदर्शनासाठी मोटारींवर मराठी फलक लिहितोय. 'बॉडी स्टाइल'ला, म्हणजे सेडान, हॅचबॅक अशा गाडीच्या आकाराच्या प्रकाराला, 'बांधा' आणि 'क्ले मॉडेल'ला, म्हणजे गाडी बनवण्याआधी तिचा आकार ठरवायला करतात त्या नमुन्याला, 'मातीची प्रतिकृती' लिहिलं. सहकाऱ्यांनी दोन्ही खोडलं. बांधा माणसाचा नाहीतर बैलाचा असतो म्हणे. आणि प्रतिकृती असलेल्या वस्तूची होते, इथं गाडी अजून व्हायचीय. दुसरं पटलं. मग लिहावं काय?

शेंद्र्याचा: दादा, आधी 'माती' काढा. मी पुण्याला स्टुडिओत हे काम केलंय. त्यात मेण, तेल आणि भुकटी असते, पाण्याचा थेंब नसतो. ६० अंशांच्या आसपास तापवायची, फोम लावलेल्या सांगाड्यावर अंगठ्यानं दाबत थापायची. गार झाली की घट्ट. मग दातेरी पट्टीनं खरवडायची, शेवटी पोलादी पातळ पात्यानं गुळगुळीत करायची. वाळून तडकत नाही, म्हणून एकाच नमुन्यावर महिनोन्‌महिने बदल चालतात. आता ढोबळ आकार यंत्र कापतं, शेवटचा हात माणसाचाच. वर चकचकीत पातळ फिल्म ताणून बसवतात आणि दिव्याची रेघ दारावरून कशी वाहते ते बघतात. रेघ मोडली की परत खरवडायचं. 'मेणमाती' लिहा.

मांजरापार: 'क्ले'च राहू द्या. जनरल मोटर्सनं १९२७ मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली रचनेचा वेगळा विभाग काढला, तिथून ही पद्धत रुळली. पोरं उद्या कामाला लागतील तिथंही क्लेच ऐकतील.

परभणीची_लेक: साफ नामंजूर. शाडू, पोयटा, चिकणमाती, गाळ, एवढे शब्द घरात असताना उसनवारी कशाला? पोळ्याचे बैल तडकू नयेत म्हणून आजी चिखलात कापूस मळायची. तरी आम्ही मातीचेच बैल म्हणायचो. शब्द कामावरून पडतो, आत काय मिसळलंय त्यावरून नाही. आणि बॉडी स्टाइलला 'घाट' लिहा. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट, तसा गाडीचा. पुढं इंजिन, मधे माणसं, मागं सामान असा तीन खणांचा घाट म्हणजे सेडान. मागचा खण वेगळा न राहता काचेसकट दार वर उघडलं की हॅचबॅक.

शेंद्र्याचा: ताई, 'गाडीचा घाट' वाचून आमच्याकडचा माणूस कन्नड गावाजवळचा डोंगरातला घाटच समजणार. बांधा बरा.

बीडकर_काका: सेडान हे मुळात माणसांनी वाहायच्या बंद खुर्चीचं नाव. म्हणजे आपला मेणाच की! मेणकापड लावायचे म्हणून मेणा, असं आमचे गुरुजी सांगत.

परभणीची_लेक: काका, मेणा फारसी 'मियाना'वरून आलाय, 'मेण' या शब्दाशी त्याचा संबंध नाही. शुद्ध मराठी हवं तर त्या मागच्या खणाला 'डिक्की' म्हणणं आधी सोडा.

मांजरापार: डिक्की का सोडायची? जुन्या गाड्यांत मागं उघडी बैठक असायची, ती इंग्रजांची डिकी. आपण तिथं बोचकी ठेवली, शब्द आपला झाला.

गोदाकाठ: मंडळी, फलक सोमवारी छापायला जातोय. बांधा की घाट?

बीडकर_काका: डिक्की आपली असेल तर टपही आपलाच. काळीपिवळीच्या टपावर बसून लग्नाला गेलोय आम्ही.

मांजरापार: टप म्हणजे इंग्रजी 'टॉप'.

बीडकर_काका: अजिबात नाही. आमचे आजोबा टांग्याच्या छपराला टप म्हणायचे, त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आणि ट्रकच्या मागच्या भागाला तुम्ही काय म्हणता, हौदा की डाला? तेही बोला.