मदत हवी आहे: आईला बस लागते, क्रूझवर कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातले, पाणी पाहिलं ते वर्धा नदीचं. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझला जायचं आहे. वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसनं सीएसएमटी, तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, जवळच, एवढं ठरलं. पण आईला एसटीतही उलटी होते. खिडकीशी बसून लिंबू हुंगत राहते. जहाजाच्या मधे, खालच्या मजल्यावर हलणं कमी जाणवतं म्हणून तिथलीच खोली घेतली, तर तिला खिडकीच नाही! आई म्हणते, "काहून बाप्पा, मले डब्यात कोंडतं का?" उलटीची गोळी किती आधी द्यायची? घरचा ठेचा आत नेऊ देतात का? बाबांचा प्रश्न वेगळाच: धोतरावर जेवायला बसू देतात ना?