प्रतिसाद: ५५५ वर रिले टरटरतो, पण एलईडी नीट लुकलुकतो

तुम्ही विचारलंत की ५५५ टायमर आयसीवर एलईडी सेकंदाला एकदा व्यवस्थित लुकलुकतो, पण ६ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) जोडला की तो टरटरायला का लागतो. एलईडी नीट चालतो, म्हणजे आयसी ठीक आहे. वर एका प्रतिसादात तो बदलायला सुचवलंय, पण बदलू नका. तुमच्या १० के आणि ६८ के (किलोओहम) रेझिस्टरना आणि १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला एक सेकंदाच्या आसपासच वेळ येतो, तेही बरोबर आहे.

दोष ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा वाटतो. रिले ओढला (चालू झाला) की तिचा व्होल्टेज खाली बसतो, ५५५ गडबडतो, रिले सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढतो आणि हेच चक्र चालू राहतं. रिले ओढत असताना आयसीच्या पिन ८ (प्लस) आणि १ (ग्राउंड) वर मल्टिमीटर धरा, काटा किंवा आकडा नाचताना दिसेल. त्याऐवजी चार पेन्सिल सेल वापरा. पिन ८ आणि १ मध्ये, आयसीला अगदी चिकटून, १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा. पिन ४ (रिसेट) मोकळी ठेवू नका, ती ८ ला जोडा. पिन ५ वरून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला.

रिले थेट पिन ३ (आउटपुट) वर नको. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला, त्याच्या बेसला १ के रेझिस्टर. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कॉइल १०० ओहमची असेल तर ६ व्होल्टला ६० मिलिअँपिअर लागतात, ते तो सहज पेलतो. कॉइलवर १एन४००७ डायोड हवाच, चंदेरी पट्टा प्लसकडे. उलटा लावलात तर ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय शॉर्ट होईल. आणि लांब ब्रेडबोर्ड असेल तर कडेच्या सप्लायच्या लाल-निळ्या रेषा मधोमध तुटलेल्या नाहीत ना, तेही बघा.