मदत हवी आहे: फेल्टच्या वस्तू ऑनलाइन विकायच्यात, सेलर अकाउंट जीएसटी नंबरवर अडलंय

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं फेल्टच्या (न विणलेल्या जाड कापडाच्या) वस्तू करतेय. आधी घरातल्या मुलांसाठी केल्या, मग मैत्रिणींनी मागितल्या, आता ओळखीतून ओळख निघत ऑर्डरी येतात. म्हणून एका मोठ्या शॉपिंग साइटवर सेलर अकाउंट उघडायला घेतलं. पॅन झालं, बँक झाली, फोटो तयार आहेत, पण जीएसटी नंबर टाकल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. फोन केला की तेच रेकॉर्ड केलेलं उत्तर. माझी विक्री महिन्याला दहा हजारांच्या आत आहे, वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी लागत नाही असं सगळेच सांगतात, मग ही अट कशासाठी? हे न मागणारी दुसरी साइट कुठली? राखीचा सीझन तोंडावर आलाय, प्लीज लवकर सांगा.

बोहरीआळी
ताई, नेमकं काय बनवता? तोरणं, राख्या, खेळणी, पर्स? आणि राहता कुठे? त्यावर उत्तर बदलतं.

मृद्गंध
मी तर म्हणेन साइटच्या नादी लागूच नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग टाका, इन्स्टावर रील टाका, पैसे यूपीआयने आधी घ्या. माझे मातीचे दिवे असेच जातात. साइटवर कमिशन जातं, वर गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की त्याचा भुर्दंड आपल्याच डोक्यावर. कॅश ऑन डिलिव्हरी तर चुकूनही ठेवू नका. लोक ऑर्डर करतात आणि दारात कुरियरवाला आला की 'नको' म्हणतात.

रानजाई
@बोहरीआळी, काय बनवते याचा जीएसटीशी काय संबंध? असो. बारशाला आणि वाढदिवसाला नावांची तोरणं, लहान मुलांची क्वाएट बुक्स (हाताळून खेळायची कापडी पुस्तकं), राख्या, फ्रिज मॅग्नेट, आणि संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण. सगळं हाताने.
@मृद्गंध, व्हॉट्सअ‍ॅपवर आहेच हो. तिथे ओळखीचेच येतात, म्हणून तर साइट हवीय.

जमाखर्च
४० लाखांची मर्यादा खरी आहे, पण ती स्वतःच्या दुकानातून, राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला. ई-कॉमर्स साइटवरून विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आली. मर्यादेच्या आत असणाऱ्याने जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन फक्त एनरोलमेंट करायचं, नंबर मिळतो, तो साइटला द्यायचा. सेलर फॉर्ममध्ये 'माझ्याकडे जीएसटी नाही' किंवा 'एनरोलमेंट आयडी' असा पर्याय शोधा. मात्र माल तुमच्याच राज्यात विकता येतो. पुण्यात राहून नागपूरला पाठवलात तर चालेल, इंदूरला नाही.

रानजाई
खूप खूप आभार, आजच करते! फक्त एक, मी बेळगावला राहते. ऑर्डरी सगळ्या कोल्हापूर, पुणे, ठाणे. मग महाराष्ट्र धरायचं ना?

जमाखर्च
नाही. बेळगाव म्हणजे नोंदणीसाठी कर्नाटक, आणि तुमचं सगळं गिऱ्हाईक महाराष्ट्रात. ही सवलत तुमच्या कामाची नाही. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा तर, साइटवरून असो वा व्हॉट्सअ‍ॅपवरून, उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. अपवाद सरकारने यादीत घातलेल्या हस्तकला वस्तूंचा. त्यांना २० लाखांपर्यंत नोंदणीविना दुसऱ्या राज्यात माल पाठवता येतो, पण पॅन आणि ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचं ऑनलाइन बिल) लागतं. तुमचं तोरण त्या यादीत बसतं का, हे सीएला वस्तू दाखवून विचारा.

कोकणकडा
अहो कशाला घाबरवताय बिचारीला? महिन्याला दहा हजाराच्या तोरणांमागे कोण अधिकारी येणार आहे? माझी वहिनी रत्नागिरीहून देशभर क्रोशाचे रुमाल पाठवते, आजवर कुणी विचारलेलं नाही. आधी धंदा उभा राहू दे.

जमाखर्च
घाबरवत नाहीये, नियम सांगतोय. तिने विचारलं म्हणून सांगितलं. वहिनींनाही सांगा.

बोहरीआळी
मी 'काय बनवता' विचारलं ते क्वाएट बुकसाठी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. क्वाएट बुकमध्ये मुलं बटणं लावतात, फेल्टचे प्राणी काढतात-घालतात, म्हणजे ते खेळणंच झालं. भिंतीवरचं नावाचं तोरण सजावटीत जातं. यातून हस्तकारागिरांना सूट आहे, पण ती विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद झालेल्या कारागिराने स्वतः बनवून स्वतः विकलेल्या मालाला. त्यासाठी पहचान कार्ड काढावं लागतं. तोवर क्वाएट बुक साइटवर टाकू नका. आणि फेल्टमध्ये कार्टूनची पात्रं करत असाल तर तीही नको. कंपनीच्या तक्रारीवर लिस्टिंग उडतं, कधी अकाउंटही.

कोकणकडा
झालं! आता बाहुलीलाही आयएसआय.

बोहरीआळी
हो, आणि ते योग्यच आहे. बाहुलीचा डोळा म्हणून लावलेला मणी सुटून वर्षाच्या बाळाच्या तोंडात गेला तर? मी स्वतः बाळांच्या वस्तूंना मणी न लावता दोऱ्याने डोळे भरते.

दख्खनी_मेंढी
मला एक कळत नाही, तुम्ही सगळे ज्याला फेल्ट म्हणता ती बाजारातली शीट बहुतेक अ‍ॅक्रिलिक नाहीतर पॉलिस्टरची असते. खरं फेल्ट लोकरीचं. ओलावा, उष्णता आणि घर्षण दिलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून न विणताच कापड तयार होतं. काश्मीर आणि कच्छमधला नमदा हा गालिचा तसाच करतात. आपली घोंगडी मात्र विणलेली. ताई बेळगावला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं पट्टणकोडोली फार लांब नाही. दख्खनी लोकर स्वस्तात मिळेल, स्वतः फेल्ट करून पाहा. कितीतरी ठिकाणी धनगर लोकर फेकून देतात, तिला भाव मिळेल.

सुईदोरा
लोकरीबद्दलची तळमळ पोहोचली, पण दख्खनी लोकर भरड असते हो, बाळाच्या अंगाला टोचते. आणि तिला राख्या पाठवायच्यात.

रानजाई, मी डोंबिवलीहून नावांची तोरणं करते. तू सगळ्यांत महत्त्वाचं विचारलंच नाहीस. तोरण कितीला देतेस?

रानजाई
३५०, कुरियर धरून. दोन्ही बाजूंना हत्ती किंवा ढग असतात, सगळीकडे ब्लँकेट स्टिच. नाव केवढंही असो, एकच दर, लोकांना समजायला सोपं. पण कुरियरवाला कधी ८० घेतो, कधी दीडशेच्या वर, का ते कळत नाही.

सुईदोरा
बघ हं. फेल्ट, दोरा, रिबीन मिळून ११० तरी होत असतील, खोका २०, कुरियर ८०. उरले १४०. तीन तास लागले तर तासाला ४७ रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि कुरियर दीडशेचं झालं की त्यातलेही निम्मे गेले. हा भाव टिकणार नाही. 'रमा' आणि 'श्रीवर्धन' एकाच दरात कसं परवडेल? मी अक्षरावर दर लावते, जोडाक्षर आणि रफार असेल तर त्या अक्षराला दीडपट. लोक खळखळ करत नाहीत, नाव त्यांच्याच लेकराचं असतं.

'र्ध'चा रफार १ मिमीच्या मऊ फेल्टमध्ये कापलास तर टाका घालताना ताणून वाकडा होतो. अक्षरांना २ मिमीचं कडक फेल्ट घे. अक्षर मागच्या बाजूने उलटं काढून काप, म्हणजे पेनाची रेघ समोर दिसत नाही. आणि शिरोरेषेची अखंड पट्टी ठेवून त्यावर अक्षरं शिव, मग वेलांटी लोंबत नाही.

मृद्गंध
शिवत कशाला बसता, ग्लू गनने दहा मिनिटांत होतं की.

सुईदोरा
ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ पडतो. मे महिन्यात कुरियरच्या बंद गाडीत पार्सल तापलं की पोहोचेपर्यंत हत्तीचा कान सुटलेला असतो. शिवाय पातळ फेल्टमधून गोंदाचा डाग वर येतो.

मृद्गंध
आमच्या सोसायटीच्या गणपतीचं मखर ग्लू गनवर दहा दिवस उभं असतं.

सुईदोरा
दहा दिवसांनी ते उतरवता ना. बाळाचं तोरण भिंतीवर वर्षानुवर्षं राहतं.

जमाखर्च
कुरियरचं सांगतो. ते वजन आणि आकार दोन्ही बघतात, जास्त असेल ते धरतात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. ३० × २५ × १० चा खोका म्हणजे दीड किलो, आत तोरण २०० ग्रॅमचं का असेना. तेच तोरण घडी घालून त्याच लांबी-रुंदीच्या, पण २ सेंटिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या पाकिटात बसवलं तर ३०० ग्रॅमच धरतात. दीडशेचं गणित त्या खोक्यात आहे.

रानजाई
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! हत्तींत कापूस भरते म्हणून खोका घेत होते. ते सपाट करते. क्वाएट बुक तूर्त बंद, पहचान कार्डाची चौकशी करते. अक्षरावर दर पुढच्या ऑर्डरीपासून. पण राख्यांचं काय? त्या आत्ताच जायला हव्यात, सीएला वस्तू दाखवून होईपर्यंत पौर्णिमा निघून जाईल.

जमाखर्च
राख्यांचं सोपं आहे. सोनं, चांदी, मौल्यवान खडे नसलेल्या राखीवर जुलै २०१८ पासून जीएसटीच नाही. आणि निव्वळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही तोरणंही विकता, म्हणून गुंता आहे. सीएला नेमकं हेच विचारा की तोरणं थांबवून फक्त राख्या महाराष्ट्रात पाठवल्या तर चालेल का. अशा प्रश्नाला फोनवर उत्तर मिळतं. साइट मात्र तरीही नंबर मागू शकते, तेव्हा या सीझनला व्हॉट्सअ‍ॅपच बरं. आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर फुकट आहे. गूगलवर तिच्या नावाने पैसे घेणाऱ्या बऱ्याच साइट दिसतात, त्यांच्याकडे जाऊ नका.

कोकणकडा
राखीवर जीएसटी नाही हे मलाही माहीत नव्हतं. वहिनीला कळवतो.

रानजाई
सकाळी सीएंना फोन लावते, काय म्हणतात ते इथेच लिहीन. सुईदोरा ताई, राखी पाकिटात दबून चपटी होते. फुलाच्या पाकळ्या दोन थरांच्या आहेत. काय करू?

सुईदोरा
राखीच्या आकाराचं भोक पाडलेला जाड पुठ्ठा मध्ये ठेव आणि वर-खाली एकेक साधं कार्ड. पाकळ्या त्या भोकात बसतात, दाब पुठ्ठ्यावर येतो. दोरा मागच्या कार्डाला दोन टाके घालून अडकव, नाहीतर राखी आत फिरते. अक्षतांची पुडी वेगळी चिकटव, कुंकू मात्र त्यात घालू नकोस, पावसाची ओल लागली तर पांढऱ्या फेल्टवर उतरेल.