अनुभव धागा : लिनक्सच्या डेस्कटॉपला रॅम किती पुरते?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून आमच्या आर्णीकडे जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यांवर विंडोजऐवजी लिनक्स टाकणं सुरू आहे आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच. मिंट नावाचं लिनक्स बनवणारे सांगतात किमान २ जीबी, आरामात चालवायचं तर ४. दुकानदार सांगतो १६. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. ‘जास्त तेवढी बरी’ लिहू नका, ते आमच्या म्हशीलेही माहीत आहे.

संत्रावाला, वरूड
भाऊ, मी कसा येडा बनलो ते आयका. ४ जीबी, मिंटवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, काम बागेच्या हिशोबाचं. कोणीतरी ‘फ्री’ कमांड सांगतली. पायतो तर फ्रीच्या खाली १८० एमबी! नागपूरले सीताबर्डीत जाऊन अजून ४ जीबी आणली. दिवसभर फोटो चाळले, संध्याकाळी फ्रीचा आकडा पुन्हा खाली. मग भाच्यानं दाखवलं, ‘अव्हेलेबल’ नावाचा रकाना पाहाचा असते. कोठीत जागा हाय तोवर लिनक्स तिथं डिस्कवरचा माल भरून ठेवते, आपल्याले लागली का खाली करून देते. माह्यं अव्हेलेबल पयलेच २ जीबीच्या वर होतं.

ऑनलाइन फॉर्मवाला, पुसदजवळ
माझं उलट. ४ जीबी, पण ब्राउझरमध्ये सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा मिळून वीसेक टॅब. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी, आणि माऊस गोठला. डिस्कचा दिवा विझेना. शेवटी बटण दाबून बंद केला, समोरच्या बाईचा अर्धा भरलेला फॉर्म गेला. त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरतात ती जागा; ती थोडी भरलेली असणं हा दोष नाही. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून एसआय-एसओ हे (स्वॅपमधून आत-बाहेर होणाऱ्या मालाचे) रकाने सतत हलताना दिसले तर रॅम खरंच कमी आहे. आधी झेडरॅम लावलं, ते रॅममधला माल दाबून छोटा करतं. थोडं सुधारलं. ८ केल्यावर सुटलो.

पांढरकवडा
२ जीबी, एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप. पोरगी टायपिंग शिकते. चालते.

फ्लेक्सवाला, मेहकर
८ जीबी, फोटो-डिझाइनला जिंप. वाढदिवसाचा १० बाय ४ फुटी फ्लेक्स १५० डीपीआयवर (दर इंचाला १५० ठिपके) केला की १८००० × ७२०० पिक्सेल, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एकच लेअर (चित्राचा एक थर) अर्ध्या जीबीचा. आणि कार्यकर्ते किती? प्रत्येकाचा फोटो वेगळ्या लेअरवर, वर अन्डूचा इतिहास. १६ घ्यायला निघालो होतो. मग सुचलं, हा फ्लेक्स चौकातून वीस फुटांवरून बघतात. ७२ वर केलं, लेअर १२० एमबीवर आला. रॅम अजून तीच आहे.

संत्रावाला, वरूड
एक राहिलं. ८ टाकली तर ७.६ काऊन दाखवते? दुकानदारानं फसवलं का?

फ्लेक्सवाला, मेहकर
नाही जी. ऑनबोर्ड ग्राफिक्स (स्क्रीनचं काम पाहणारा भाग) रॅममधून आपला वाटा काढून घेतो. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, पाहा.